समाधीखालचा ठोका

ही गोष्ट खरी आहे. ऋषिकेश माझा सख्खा आतेभाऊ, आणि बढाया मारणं त्याच्या रक्तात नाही. सोयाबीनचा उतारासुद्धा तो विचारणाऱ्याला कमीच सांगतो. त्यानं जे सांगितलं तेच इथं लिहितोय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

भुताच्या गोष्टी अमावस्येच्या रात्री घडतात म्हणे. ही दिवसाउजेडी घडली. मागच्या कार्तिकात, वाशीम जिल्ह्यातल्या रिठदला, त्यांच्या स्वतःच्या वावरात.

ऋषिकेशचे वडील उकंडराव. त्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला होता. डाव्या खांद्याजवळ, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षाही लहान मशीन. हृदय सुस्तावलं की ते बारीक करंट देऊन त्याला जागं करायचं. म्हाताऱ्याला त्याचं कोण कौतुक! पाहुणा आला की चहाच्या आधी सदऱ्याची गुंडी निघायची.

दसऱ्यानंतर त्यांना न्यूमोनियानं गाठलं. वाशीमच्या दवाखान्यात एका सकाळी ते गेले.

गेले म्हणजे... डॉक्टर म्हणाले, गेले.

पण मॉनिटरच्या पडद्यावर उभ्या रेघा येतच होत्या. एकामागून एक. सारख्या अंतरानं.

"हे पाहा, चालू हाय!" ऋषिकेशची आई मनकर्णाबाई पडद्याकडं बोट दाखवत ओरडली. "तोंडावर कपडा कायले टाकून राह्यले?"

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, "आई, त्या रेघा मशीनच्या आहेत. मशीन करंट देतंय. पण हृदय आता हलत नाही."

तिच्या डोक्यात ते शिरलं नाही. कसं शिरणार? नवऱ्याच्या छातीतली रेघ डोळ्यांसमोर चालू होती.

निघताना नर्सनं बजावलं, अग्नी देण्याआधी मशीन काढून घ्या, सरणावर ते फुटतं. ऋषिकेशनं मान डोलावली. पण आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि मातीत समाधी देतात.

"जाळाचंच नाई, तं फुटन कायले?" चुलत्यानं विषय मिटवला. "मेल्यावर कायले चिरफाड करता त्याची?"

सगळ्यांना पटलं. ऋषिकेशलाही पटलं. उकंडरावांना विभूती लावली, बेल वाहिला, आणि वावराच्या बांधाला, धुऱ्याजवळच्या खड्ड्यात मशीनसकट बसवलं.

पंधरवडा झाला नसेल... मनकर्णाबाई अंगणात धाडकन पडली.

वाशीमच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि त्यांचा चेहराच उतरला. नाडी मिनिटाला पस्तीसच्या आत. हृदयातला करंट मध्येच अडत होता. "यांनाही पेसमेकर लागेल, अकोल्याला नेऊन. लगेच. नाही तर एक दिवस अशीच चक्कर येईल आणि त्या उठणार नाहीत."

"मले नाई पाह्यजे थे मशीन," आई म्हणाली. बस्स.

ऋषिकेशची धाकटी बहीण वैभवी अमरावतीला नर्सिंग शिकते. ती धावत आली. आईला धीर यावा म्हणून तिनं कॉलेजात ऐकलेलं सांगितलं. स्टेम सेल म्हणून पेशी असतात, त्यांच्यापासून हृदयाला स्वतःहून ठोके देणाऱ्या पेशी तयार करायचं संशोधन चालू आहे. पुढंमागं मशीनची गरजच उरणार नाही कदाचित.

झालं! आईनं तेवढंच धरलं.

"मंग मी थांबतो. थे निंगू दे."

"माय, त्याले अजून किती वर्षं लागतीन कोनाले मालूम! अजून प्रयोग चालू हायेत. तुयाजवळ तेवढा टाइम नाई वं!"

वैभवीला रडू फुटलं. भलं करायला गेली आणि आईच्या हाती निमित्त देऊन बसली.

आईनं मग खरं कारण सांगितलं. अगदी हळू आवाजात.

"तुह्या बापाचं अजून बंद नाई झालं, ऋषी. मी रोज समाधीवर हात ठेवतो. चालू हाय. तुमी त्यायले जितं गाडलं... मले बी थे मशीन बसवसान, अन् जितं गाडसान."

चुलीवरचं दूध उतू गेलं, ते कोणी उतरवलं नाही.

"जा," आई म्हणाली. "हात लावून पाह्य. बंद झालं अशीन, तं उद्याच्या उद्या येतो मी दवाखान्यात. तुह्या बापाची आन घेऊन सांग."

ऋषिकेश तणतणत वावरात निघाला. हात लावायचा, परत यायचं, आईला गाडीत घालायचं. एवढं साधं काम.

दुपारची वेळ. लाइन गेलेली, त्यामुळं मोटरी बंद. हरभरा नुकताच वर आलेला. लांबवर कोणीतरी बैलांना हाकत होतं. घरचं कुत्रं ऋषिकेशच्या मागं मागं येत होतं. धुऱ्यापाशी आलं आणि थांबलं.

त्यानं चुचकारलं... कुत्रं हललं नाही.

तुरीत एरवी पाखरांचा कलकलाट असतो. आज एकही नाही. वारा होता, तुरी हलत होत्या. पण सळसळ ऐकू येत नव्हती.

तो समाधीपाशी गुडघ्यावर बसला. माती उन्हानं तापली असेल म्हणून आधी नुसतं बोट टेकवलं.

माती गार होती.

मग अख्खा तळवा ठेवला.

काहीच नाही. तो हसला. आईच्या खुळापायी आपणही खुळे झालो, असं मनाशी म्हणाला आणि हात उचलणार...

धप्.

त्यानं श्वास रोखला.

धप्... धप्... धप्...

आपल्याच हाताची नाडी असेल. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट दाबून धरलं. त्याची नाडी घाबरून पळत होती. मातीखालचं काही पळत नव्हतं. सावकाश, ठाय लयीत चाललं होतं.

तो कसा उठला, चप्पल कुठं राहिली, त्याला आजही आठवत नाही. घरापर्यंत अनवाणी आला. दारात आई बसली होती. ओठ निळसर पडलेले.

एका बाजूला ते मातीखालचं. दुसऱ्या बाजूला ही, डोळ्यांसमोर विझत चाललेली.

"बंद हाय, माय," ऋषिकेश म्हणाला. "बाबाची आन. काईच नाई तिथं."

आई उठली, उद्याची पिशवी भरायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला निघायच्या आधी तो पुन्हा वावरात गेला. जाऊ नये असं वाटत असताना गेला. हात ठेवला.

चालू होतं...

आईला पेसमेकर बसला. भूल उतरल्यावर तिनं चहा मागितला. वैभवी हसत होती, रडत होती. ऋषिकेशला मात्र बसवेना. दवाखान्याच्या जिन्यावर तो नुसता खालीवर करत राहिला. खोटी शपथ घेतली, ती कोणाच्या अंगावर येईल?

रिठदला परतल्यावर आईला खाटेवर निजवलं आणि तो थेट वावरात गेला. आता कुत्रं पुढं पळत गेलं. तुरीत पाखरं किलबिलत होती. माती उन्हानं तापलेली.

हात ठेवला. वाट पाहिली. कान टेकवला.

काही नाही.

बंद पडलं होतं. त्याची शपथ खरी झाली होती! तो तिथंच बसून पोटभर रडला. सुटलो, म्हणाला. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

गोष्ट इथं संपती तर बरं झालं असतं.

महिन्याभरानं आईचं मशीन तपासायला ते अकोल्याला गेले. तपासणारा तंत्रज्ञ बोलका होता. मशीन छान चालतंय म्हणाला, बॅटरी दहा वर्षं बघायला नको म्हणाला. ऋषिकेशनं सहज वाटावं असं विचारलं, "याचा ठोका बाहेरून हाताले लागते का जी? धप् धप् असा?"

"छे! त्याला आवाज नसतो, हादराही नसतो. ते नुसतं करंट देतं. ठोका असतो तो हृदयाचा."

"अन् माणूस गेल्यावर? दोन वर्षांपूर्वी बसवलं होतं आमच्या बाबाले. समाधी देल्ली, काढलं नाई. आता थे बंद पडलं अशीन ना?"

"कशानं बंद पडेल? बॅटरी आहे तोवर ते चालूच राहणार. आत्ताही चालू असेल."

बाहेर बाकावर आई बिस्किट खात बसली होती. "काय म्हन्ते थो?" तिनं विचारलं.

"चांगलं हाय म्हन्ते," ऋषिकेश म्हणाला, आणि तिच्याकडं न बघता गाडी काढायला गेला.

हे मला सांगून झाल्यावर त्यानं माझा हात घट्ट धरला.

"मशीन चालू हाय म्हन्ते थो. मंग बंद पडलं थे काय होतं? मले एकच सांग, भाऊ... माहा बाप मेला कधी?"