बाभळींखालचे दाणे

जुना कॅमेरा मी बरीच वर्षं वापरला. दिवसा त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. पण ऊन उतरलं आणि कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवावी लागली, की फोटोत दाणे उमटायचे. बगळ्याच्या पिसांवर कुणी रवा सांडल्यासारखे. फोटोग्राफर त्याला नॉइज म्हणतात. प्रकाश अपुरा पडला, की यंत्राची स्वतःची कुरकुर वर येते, एवढंच. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात माझं कामच मोजमापाच्या उपकरणांचं असल्यामुळे ही कुरकुर मला परकी नव्हती.

या हिवाळ्यात मोठ्या सेन्सरचा नवा कॅमेरा घेतला आणि दोन्ही कॅमेरे घेऊन निफाडच्या पुढे खडकथडीला गेले. तिथे गोदावरीचं अडवलेलं पाणी पसरट आणि संथ आहे. थंडीत बदकं उतरतात. सोमनाथ तिथला होडीवाला, हौशी लोकांना पक्षी दाखवतो. पस्तिशीचा, बोलका माणूस; पहिल्या भेटीपासून मला ताई म्हणतो. त्याच्या आईच्या, नवसाबाईंच्या हातची बाजरीची भाकरी मी कितीदा खाल्ली असेन. त्याचा थोरला भाऊ रंगनाथ आमची ओळख होण्याआधी याच पाण्यात मासे धरायला गेला आणि परतला नाही. देह सापडला नाही, म्हणून नवसाबाईंनी दिवसकार्य करू दिलं नव्हतं.

संध्याकाळी काठावरच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर ट्रायपॉड लावून मी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकच दृश्य टिपलं. घरी लॅपटॉपवर बघितलं. जुन्याच्या फोटोत नेहमीसारखे दाणे. नव्याचा फोटो धुतल्यासारखा स्वच्छ. पाणी, पाणकणसं, अर्ध्या बुडालेल्या बाभळी. फक्त बाभळींखाली पाण्याचा एक तुकडा दाणेदार होता, जुन्या कॅमेऱ्याने काढून इथे चिकटवल्यासारखा.

सेन्सरचा दोष, असं मी धरलं. पुढच्या रविवारी कॅमेरा थोडा वळवून फोटो घेतले. दोष सेन्सरचा असता, तर तो चौकटीत त्याच कोपऱ्यात राहिला असता. तो बाभळींबरोबर सरकला. लेन्स बदलली. तरी तेच.

मग मी अशा वेळी करतात ते केलं. दाणे दर फोटोत वेगळ्या जागी पडतात. म्हणून एकाच दृश्याचे पुष्कळ फोटो घेऊन सरासरी काढली, तर दाणे एकमेकांना पुसून टाकतात आणि जे खरोखर तिथे आहे तेवढंच उरतं.

आकाश नितळ झालं. पाणी गुळगुळीत झालं. बाभळींखालचे दाणे मात्र पुसले गेले नाहीत, ते एकत्र आले. तिथे कमरेएवढ्या पाण्यात एक माणूस उभा होता. चेहरा कळत नव्हता. खांदे कळत होते.

दाखवावं की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. शेवटी सोमनाथच्या घरी ओट्यावर बसून लॅपटॉप उघडला. त्याने पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

"भाऊ असाच उभा राह्यचा," तो म्हणाला. "एक खांदा पाडून."

"सोमनाथ, ही फोटोंची सरासरी आहे. आकार भासतात."

"तुम्हाला पण भासला ना, ताई?"

नवसाबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवून त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, पडद्यावर तळहात टेकवला आणि हळू म्हणाल्या, "उभं राहून दमला असंल."

सोमनाथ उठला. "आईनं अजून त्याचं ताट बंद केलं नाय," तो मला अंगणात म्हणाला. "मी जाऊन बघतो. काय नसलं तर तिला तसं सांगता येईल."

मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तो मोटरसायकलवर पुढे गेला, मी गाडीने मागोमाग. तो होडी पाण्यात लोटत असताना मी मनोरा चढले.

सूर्य नुकताच बुडाला होता. नवा कॅमेरा लागोपाठ फोटो घेत होता. वल्ह्याचा आवाज दूर गेला. बाभळींजवळ होडी थांबली. सोमनाथ उभा राहिला, त्याने एक हात वर केला.

"ताई, इथं काय नाय!"

तेवढ्यात बदकांचा मोठा थवा उठला. क्षणभर मला पंखांपलीकडे काही दिसलं नाही.

थवा निघून गेला, तेव्हा तो होडीत बसला होता आणि वल्हवत परत येत होता. सावकाश, फार दिवसांनी वल्हं हातात घेतल्यासारखा.

मी धावत खाली आले. त्याने होडी काठावर ओढली. कपडे कोरडे होते.

"काय दिसलं?"

"काही नाय. अंधार पडतोय, मॅडम. घरी निघा."

तो चालू लागला. मोटरसायकल मनोऱ्याखाली होती.

"सोमनाथ, गाडी?"

तो थांबला नाही. मी पुन्हा हाक मारली, तेव्हा वळला. गाडीकडे बघितलं, अनोळखी जनावराकडे बघावं तसं, आणि बांधावरून पायीच निघून गेला. एक खांदा पाडून.

मी पुन्हा वर चढले. पाणी रिकामं होतं. उजेड होता तोवर फोटो घेतले.

घरी येऊन सरासरी काढली.

माणूस तिथेच होता. पण आता त्याचा एक हात वर होता.

सकाळी फोन आला, सोमनाथच्या नंबरावरून. बोलत नवसाबाई होत्या. इतका मोकळा आवाज मी त्यांचा कधीच ऐकला नव्हता.

"बाई, तुमचे लय उपकार झाले. माझा रंगनाथ घरी आला. पोटभर जेवला, आता झोपलाय." मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "सोमनाथ तुमच्याकडंच ऱ्हायला का?"