रिकामी फ्रिक्वेन्सी

हे खरं आहे. पटत नसेल तर वाचू नका, माझं काही अडलेलं नाही.

मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. भर उन्हात, ऑफिसच्या गाडीत घडलेली गोष्ट आहे. भुतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

आमचं खातं फ्रिक्वेन्सी वाटतं. टॅक्सीवाल्यांनी वायरलेसवर कुठे बोलायचं, पोलिसांनी कुठे, अँब्युलन्सने कुठे, हे आम्ही ठरवतो. जुनी फ्रिक्वेन्सी नव्या माणसाला देण्याआधी ती आठवडाभर ऐकायची असते. कुणी अजून बोलतंय का? दर तासाला वहीत नोंद करायची.

ऐकतं कोण? कुणी नाही. आमच्या साहेबांनी तर आयुष्यात फोनच्या रिंगशिवाय काही ऐकलं नसेल. खात्याचं ब्रीदवाक्य मोठं, काम मात्र आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय असं.

मीही त्यातलाच. अँब्युलन्सची जुनी फ्रिक्वेन्सी टॅक्सी कंपनीला द्यायची होती. सोमवारी सकाळीच बसलो आणि अख्ख्या आठवड्याच्या नोंदी करून टाकल्या. शांत, शांत, शांत. खऱ्या वाटाव्यात म्हणून तीन वेगवेगळी पेनं वापरली. रिसीव्हर चालूसुद्धा केला नाही.

साहेबांनी न बघता सही ठोकली.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला एक अँब्युलन्स डोंगरातल्या वळणावरून खाली गेली. आत पेशंट होती, एक म्हातारी आजी.

ड्रायव्हर माझे भावोजी. माझ्या सख्ख्या ताईचा नवरा.

बाकी सगळ्या गाड्या नव्या फ्रिक्वेन्सीवर गेल्या होत्या. त्यांच्या खटारा गाडीचा वायरलेस बदलायचा राहिला होता. दोघं दुसऱ्या दिवशी सापडली. डॉक्टर म्हणाले, बरेच तास जिवंत होती.

चौकशी झाली. पुरावा म्हणून माझीच वही मागवली. गुरुवार, तीन ते चार, शांत. म्हणजे ड्रायव्हरने मदत मागितलीच नाही. निष्काळजी ड्रायव्हर, असा शेरा मारून फाईल बंद.

ताई मला म्हणाली, "छोट्या, हे नुसते बसून राहणारे होते का रे? मागे पेशंट असताना?"

"वहीत काही नाही गं ताई," मी म्हणालो.

माझ्याइतका नालायक भाऊ शोधून सापडणार नाही.

पंधरा दिवसांनी टॅक्सी कंपनीचा मॅनेजर तणतणत आला. "रोज तीन वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी मध्ये बोलतंय. आमच्या पोरांनी गाड्या काढायच्या बंद केल्यात."

साहेब हसले. "भूत असेल तर लायसन्स आहे का विचारा त्याला!"

मग मला म्हणाले, "जा रे, बघून ये."

गाडी काढली. टपावर फिरणारा अँटेना असतो. ज्या दिशेला मीटरचा काटा चढतो, तिकडून आवाज येतो. साधी गोष्ट आहे.

तीन दहा झाले.

आधी नुसती खरखर... मग कुणीतरी धाप लागल्यासारखा श्वास घेतला.

मी अँटेना फिरवला. काटा हलला नाही. पूर्ण गोल फिरवला.

सगळीकडून सारखाच...

अँटेनाची वायर उपटून हातात घेतली. आता काही म्हणजे काही ऐकू यायला नको होतं.

"कंट्रोल... कुणी ऐकतंय का? पेशंटचा श्वास चालू आहे अजून..."

तो आवाज मी दहा वर्षं ताईच्या स्वयंपाकघरात ऐकला होता.

माझी पाचावर धारण बसली. आणि भेदरलेला सरकारी माणूस जे करतो तेच मी केलं. माईक उचलला आणि खोटं बोललो.

"ऐकतोय. गाडी निघाली आहे."

खरखर थांबली.

ऑफिसात येऊन रिपोर्ट लिहिला, दोष आढळला नाही. साहेब खूश. टॅक्सीवाल्यांना दुसरी फ्रिक्वेन्सी दिली. ही आता कुणाचीच नाही.

दुसऱ्या दिवशी तीन दहाला, माझ्या खोलीतला रिसीव्हर... बंद होता तो.

"कंट्रोल... गाडी कुठवर आली?"

मी म्हणालो, "येतेय."

आता रोज विचारतात. रोज मी येतेय म्हणतो. ताईला खरं सांगितलं तर भावोजींवरचा डाग पुसला जाईल आणि माझी नोकरी जाईल. हे मला कळतं. तरी तोंड उघडत नाही. साहेबांना नावं ठेवायला मात्र मी सगळ्यांत पुढे!

काल भावोजींनी गाडीचं विचारलं नाही. बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत होता...

मग म्हणाले, "आवाज ओळखीचा वाटतोय. छोट्या, तू आहेस होय?"



"बरं झालं बाबा." ते हसले. मागे वळून कुणाला तरी म्हणाले, "घाबरू नका आजी. आपलाच माणूस आहे तिकडे."