डावा दिवा

तो खेळाडूंचे गुडघे तपासायच्या आमच्या खोलीत आला तो चुकून, एक्स-रेची खोली शोधत. त्या दिवशी चाचणीला यायचा खेळाडू आला नव्हता, आणि हाही खेळाडूच निघाला. आलाच आहात तर धावून जा, म्हटलं मी.

गुडघ्यांवर चमकत्या टिकल्या चिकटवायच्या, म्हणजे कॅमेऱ्यातून पडद्यावर गुडघा कसा हलतो ते दिसतं. समोरून धावत यायचं, आणि ऐन वेळी जो दिवा लागेल – डावा की उजवा – तिकडे पाय रोवून वळायचं. बटण माझ्या हातात. वळताना गुडघा आत कलला, तर लिगामेंट तुटायची भीती. त्याचा उजवा गुडघा आधीच एकदा दुखावलेला, आणि डावीकडे वळताना सगळा भार त्याच्यावरच.

"टिकलीवाल्या मॅडम, गुडघ्याच्या वर चेहरापण आहे मला."

"चेहऱ्याचं लिगामेंट तुटत नाही," मी म्हटलं... आणि पाहिलंच.

मग तो दर आठवड्याला काही ना काही निमित्त काढून येत राहिला. दरवेळी गुडघा सरळ. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मी अहवालावर 'धोका नाही' लिहून सही केली. कागद घेताना तो हसत म्हणाला, "खरं सांगू? मी दिव्याकडे बघतच नाही. डावा लावायच्या आधी तुम्ही खालचा ओठ चावता."

मी कागद परत ओढून घेतला. कुठे वळायचं ते आधी कळलं, की कुठलाही गुडघा सावरतो. मैदानात त्याच्यासाठी कोण ओठ चावणार होतं? माझ्या भीतीनेच माझी चाचणी फोडली होती.

त्याला पुन्हा धावायला लावलं. मी कपाटाआड उभी राहिले. डावा दिवा... आणि पडद्यावर त्याचा गुडघा बिजागरी निखळल्यासारखा आत गेला.

अहवाल मी फाडला. तो बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत बसला.

"म्हणजे उद्या नाही?"

"उद्या नाही. आधी वळायला शिकायचं, नीट."

"एवढ्या पांढऱ्याफटक पडलात... भीती गुडघ्याचीच ना?"

"गुडघ्याचीच," मी म्हटलं.

तो माझ्या ओठांकडे बघत होता. "लागला," तो हळूच म्हणाला, "डावा दिवा."

आता आमची लेक अंगणात धावते, धावता धावता गर्रकन वळते. माझा ओठ दाताखाली जातो. तिचा बाबा उठतो, आणि तिच्या डावीकडे जाऊन उभा राहतो.