भीतीचा पुरावा

राज्याच्या हद्दीवर प्रत्येक बसमधले प्रवासी खाली उतरत, नाक्यावरच्या खांबाला लावलेल्या काचेवर तळहात टेकवत आणि पुन्हा चढत. नाडी आणि घाम यांवरून माणूस धास्तावलाय का, हे ओळखणाऱ्या त्या यंत्राला भयमापक म्हणत. लाल दिवा लागला की बस अडवायची. हिरवा लागला की प्रवाशाला हात लावायचा नाही, असा कायदाच झाला होता. मानवी तस्करी थांबवायला म्हणे! तस्करी चालूच राहिली, बांधले गेले ते पोलिसांचे हात.

वनिता वळवीचा हात मेंदीनं रंगलेला होता. एकोणीस वर्षांची पोर, मनगटात हिरवा चुडा. दिवाही हिरवाच लागला.

तिच्यासोबतची बाई पाहून फौजदार हेमांगी गावितांचं डोकं सणकलं. ही सरूमावशी! गेल्या वर्षी हिनंच दोन मुली 'लग्नाला' म्हणून नेल्या होत्या. एक विकली गेली, दुसरी सापडलीच नाही. साक्षीदार फिरले आणि मावशी सुटली.

"नवऱ्याचं गाव कोणतं गं?" हेमांगींनी विचारलं.

"मावशीला ठाऊक," वनिता लाजली. "मी फोटो पाहिलाय."

"पोरगी खूश आहे, मॅडम," मावशी पान चघळत म्हणाली. "तुमचंच यंत्र सांगतंय. जाऊ द्या की!"

खूश असणारच! फसवलेली पोर घाबरेल कशाला? लग्न ठरलंय म्हणून नटूनथटून निघालीय ती. एवढी साधी गोष्ट कायदा करणाऱ्या एकाही शहाण्याच्या डोक्यात येऊ नये?

हेमांगींनी तिचे खांदे धरले. "ऐक, ही तुला विकणार आहे. नवराबिवरा कुणी नाही तिकडं. माझ्याबरोबर चल."

वनिता पांढरीफटक पडली. हेमांगींनी तिचा हात पुन्हा काचेवर ठेवला. लाल! हवालदार पावरांनी पुढं होऊन बस अडवली.

पण यंत्र भीतीचं कारणही शोधायचं. कोण बोलल्यावर नाडी उडाली, हे कॅमेऱ्यातून ताडून बघायचं. पडद्यावर अक्षरं उमटली : 'भीतीचं कारण : पोलीस अधिकारी. प्रवाशाला मुक्त करा.'

"मॅडम, आता अडवलं तर गुन्हा आपल्यावरच," पावरा पुटपुटले.

"होऊ दे दाखल!" हेमांगी ओरडल्या.

तेवढ्यात वनितानं हिसका देऊन हात सोडवला आणि मावशीला घट्ट बिलगली. "मावशी, चल लवकर. ही बाई मला धरून नेईल."

नाक्याचा अडसर आपोआप वर गेला. मावशी तिला घेऊन चढली, बस निघाली.

हेमांगींनी त्या खांबाला सणसणीत लाथ घातली. "पावरा, ती खरोखर घाबरेल ना, तेव्हा तिचा हात कोण तपासणार आहे?"