गोठलेल्या खाडीतले फ्लेमिंगो

ओगुलनूरच्या वडिलांनी कॅस्पियनकाठच्या अभयारण्यात आयुष्यभर गुलाबी फ्लेमिंगोंची राखण केली, पण पोटच्या पोरांना ते पक्षी दाखवायचं मात्र राहूनच गेलं. वडील गेले त्याच हिवाळ्यात ती धाकट्या भावाला, सापारला, घेऊन निघाली. होडी तागान आगांची. वडिलांचे ते जुने सोबती.

"लोक या थंडीत लग्नालासुद्धा जात नाहीत," सापार मेंढीच्या कातड्याची टोपी कानावर ओढत म्हणाला, "आणि आपली ताई पक्ष्यांना भेटायला निघाली."

"तुझ्या लग्नाला कुणी आलं नाही, तर दोष थंडीचा नसेल."

तागान आगा हसले नाहीत. त्यांची नजर उत्तरेकडे होती.

दुपारी वारा फिरला. जमिनीकडून समुद्राकडे असा सुटला, की खाडीतलं उथळ पाणी त्याच्यामागे ओढलं जाऊ लागलं. इंजिनात गाळ शिरला. ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं. बघता बघता होडी चिखलात रुतली. पाण्यावरचा बर्फाचा पापुद्रा कडाकडा फुटत खाली बसला आणि धुकं चहूकडून सरकत आलं.

"पाणी परत कधी येईल, आगा?" ओगुलनूरने विचारलं.

"वारा पडल्यावर. आज नाही पडायचा. इथे बसलो तर सकाळपर्यंत तिघंही लाकडं होऊ." त्यांनी होडीच्या तळावर अंथरलेल्या फळ्या उचकटल्या. "राखणदारांच्या झोपडीपर्यंत चालायचं. फळी टाका, तिच्यावर चढा, मागची उचला. फळी सोडून पाय टाकायचा नाही."

तिघं निघाले. वाऱ्याने डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठत होतं. बऱ्याच वेळाने डावीकडून बदकांच्या कलकलाटासारखा आवाज आला. एक नव्हे, हजारो गळे!

"तेच ते!" सापार म्हणाला. "ताई, अगदी जवळ आहेत." धुक्यात काही दिसतंय का, म्हणून तो बाजूला वाकला. फळी घसरली.

तो कमरेपर्यंत आत गेला.

ओगुलनूर आडवी पडली. फळी पुढे ढकलली. डोक्यावरची शाल सोडून तिचं एक टोक त्याच्याकडे फेकलं. "मनगटाला गुंडाळ! गुंडाळ म्हणते ना!" आगांनी तिचे पाय धरले. तिने ओढलं. चिखल सोडेना. पुन्हा ओढलं. शेवटी सापार बाहेर आला, पण बूट तळाशीच राहिले.

थोडं अंतर तो चालला. मग त्याची थरथर थांबली. "बरं वाटतंय आता," तो पुटपुटला. "जरा बसतो."

तिने त्याच्या तोंडात ठेवून दिली. त्याला काहीच वाटलं नाही. तेव्हा ती खरी घाबरली. दोघांनी त्याला फळीवर निजवलं, शाल दोरीसारखी बांधली आणि ओढायला सुरुवात केली. कलकलाट डावीकडे होता, झोपडी उजवीकडे. ओगुलनूर उजवीकडे वळली. एकदाही थांबली नाही. तळहात सोलून निघाले, गुडघे टेकले, तरी ओढत राहिली.

झोपडीत आगांनी शेगडी पेटवली. ओगुलनूरने सापारचे ओले कपडे उतरवले, त्याला गोधड्यांत गुंडाळलं आणि त्याचे पांढरेफटक पाय आपल्या अंगरख्याखाली, थेट पोटाशी घेतले. बर्फाच्या लाद्या कवटाळल्यासारखं वाटलं. आगा त्याला घोट घोट गरम चहा पाजत होते.

शेवटी सापारची थरथर परत आली, दात वाजू लागले. ओगुलनूरला रडू फुटलं.

तेवढ्यात आभाळात कलकलाट उठला. वाऱ्याला कंटाळून थवा दक्षिणेकडे निघाला होता. आगांनी दार उघडलं. धुकं विरलं होतं. ते वर पाहत तिथेच थबकले. "ये, पोरी. झोपडीवरूनच चाललेत. उद्या इथे एकही राहायचा नाही."

"जा ना, ताई," सापार पुटपुटला. "एवढ्यासाठी तर आलीस."

"गप्प पड. पाय हलवू नकोस."

"तू वेडी आहेस."

"आगा, दार लावा," ती म्हणाली. "वारा आत येतोय."

आगांनी दार लावून घेतलं. आवाज बराच वेळ छपरावरून जात राहिला, मग विरत गेला. ओगुलनूरने अंगरखा जरासा वर करून पाहिलं. सापारच्या अंगठ्याच्या टोकाला गुलाबी रंग चढत होता. तिने पुन्हा अंगरखा ओढून घेतला आणि ते पाय आणखी घट्ट धरले.