निसटलेली पटाशी

होबार्टच्या त्या चकचकीत दुकानात ब्रॉन्विन शिरली ती भांडायच्याच तयारीनं. दर्शनी काचेजवळच तिची खुर्ची मांडली होती... म्हणजे तिची नव्हेच, हुबेहूब नक्कल! दोन वर्षं रंधा मारून तिनं जिचा आकार शोधला, ती इथं डझनावारी रचलेली, अगदी मातीमोल भावात. मग तिच्याकडे कोण फिरकणार? शुक्रवारी वर्कशॉपच्या किल्ल्या जागामालकाला परत द्यायच्या, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

"बसून बघा ना!" मागून आवाज आला. विक्रेता उंच, केस विस्कटलेले. खिशावरच्या पट्टीवर नाव होतं लॉक्लन.

ती बसली. खुर्ची कुरकुरली.

"घेऊ का?" तिनं मुद्दामच विचारलं.

दुकानाचा मालक जवळपास नाही ना, हे बघून तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. "खरं सांगू? नका घेऊ. वर्षभरात डगमगायला लागेल. अस्सल खुर्ची मी एकदाच पाहिली, प्रदर्शनात. हात फिरवला आणि... पाय निघेना तिथून."

"एवढं काय होतं तिच्यात?" तिचा आवाज उगाचच मऊ झाला.

"हे बघा." त्यानं तिची बोटं अलगद खुर्चीच्या हाताखाली नेली. तिथे बारीकशी खोबण होती. "बोटं टेकायला! यांनी तीसुद्धा उचलली. पण मुळात सुचली ती त्या कारागिराला. कुणी म्हातारा असेल बघा... माणसांवर केवढी माया त्याची!"

ब्रॉन्विनला हसू आवरेना. "माया कसली डोंबलाची! लाकूड कोरताना पटाशी निसटली होती माझी."

"तुमची?" लॉक्लनचे कान लालबुंद झाले. "म्हणजे तो म्हातारा—"

"तुमच्यासमोर बसलाय."

दोघंही खो खो हसत सुटले. मग तो एकदम गंभीर झाला. "मला एक करून द्याल? खोबणीसकट."

"अहो, चूक होती ती! नंतरच्या एकाही खुर्चीत नाही."

"मग तीच चूक परत करा ना... माझ्यासाठी."

किती दिवसांनी कुणीतरी तिच्या हातचं काही मागत होतं. तिला भरूनच आलं.

"चुका अशा मागून होत नाहीत," ती खाली बघत म्हणाली. "लक्ष उडवायला समोर कुणीतरी लागतं."

"शनिवारी... सुट्टी असते मला."

शुक्रवार आला नि गेला. किल्ल्या तिच्या पर्समध्येच राहिल्या. शनिवारी लॉक्लन कॉफीचे दोन कप घेऊन वर्कशॉपवर आला, फळ्यांच्या ढिगावर बसला आणि तिच्याकडे टक लावून बघत राहिला.

"असा बघू नकोस रे," ती म्हणाली, आणि पटाशी खरंच निसटली.