कातेतले चार डोळे

सापाने कात टाकली की आम्ही आधी तिच्यातले डोळे मोजतो. सापाला पापण्या नसतात. बुबुळावर काचेसारखा एक खवला असतो आणि तो कातेबरोबरच निघतो. एखादा मागे राहिला तर जनावर आंधळं व्हायची भीती. बावीस वर्षं सर्पगृहात काढली, पण ही मोजणी मी दुसऱ्या कुणावर सोपवली नाही.

माझ्या ताईचे डोळे दोन वर्षांपासून दुधाळ होत चालले होते. आई गेल्यावर शिलाई मशीन चालवून तिनेच मला वाढवलं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा म्हणाली, "बरं झालं, तुझं थोबाड तरी बघायला नको." मग भिंतीकडे तोंड करून बसली.

एका दुपारी तिला कामावर घेऊन गेलो. तिथल्या म्हाताऱ्या अजगर मादीला आम्ही बाईसाहेब म्हणतो. कात टाकण्याआधी होतात तसे तिचे डोळे धुरकट झाले होते.

"तुम्ही दोघी सारख्याच," मी म्हणालो. "हिचे मात्र आठवड्यात साफ होतील."

ताईने तिच्या अंगावरून हात फिरवला. "मग जाता जाता माझंही बघ म्हणावं."

नवव्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात कात पडलेली होती. मोज्यासारखी उलटी, अखंड. मी डोळे मोजले.

चार.

डोक्याच्या जागी दोन. शेपटीच्या टोकाशी दोन, जरा मोठे.

पुन्हा मोजले. चारच.

धावत घरी आलो. ताई मशीनवर बसली होती. "कॉलर उसवलीये तुझी," ती म्हणाली. "आणि डोकं किती पिकलंय रे!"

तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी लहान पोरासारखा रडलो. दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांपुढे हात जोडले. सोबतचे लोक हसायचं तेवढं हसले. अजून रोज जोडतो. देणाऱ्याला कसं दिलंस म्हणून विचारू नये.

काल ताई माझ्या शर्टाला काज करत होती. सुताचा एक तंतू उडाला आणि तिच्या उजव्या बुबुळावर बसला. ती माझ्याकडे बघत बोलतच राहिली. मी कापसाचा बोळा भिजवला आणि बाईसाहेबांचा डोळा पुसतो तसा हलक्या हाताने तो टिपून घेतला.

"काही होतं का रे तिथे?" तिने विचारलं.

"काही नाही, ताई."

तेव्हाही तिची पापणी लवली नाही. आठवून बघतो, तर त्या सकाळपासून ती लवलेलीच नाही.